प्रॉम नाईटची गाडी ठरवताना आधी ड्रायव्हरची झोप विचारा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी जालन्यात बारावीला आहे. शाळेनं यंदा निरोप समारंभाला 'प्रॉम नाईट' असं नाव दिलंय आणि जानेवारीअखेरच्या शनिवारी वेरूळ रस्त्यावरच्या एका रिसॉर्टवर तो ठेवलाय. जाण्यायेण्याची सोय ज्याची त्यानं करायची. मुलीच्या ग्रुपमधले आठ जण एकत्र जाणार आहेत. शेजारचे एक जण त्यांची फॉर्च्युनर ड्रायव्हरसकट पाच हजारांत द्यायला तयार आहेत आणि ट्रॅव्हल्सवाला इनोव्हाचे साडेनऊ हजार सांगतो. एवढा फरक कशाचा, आणि कोणती गाडी घ्यावी, असं तुम्ही विचारलंय.

मी संभाजीनगरात बावीस वर्षं या धंद्यात आहे. पहिली सात वर्षं स्वतः स्टेअरिंगवर होतो. स्टेशनवरून पाहुणे उचलायचे, वेरूळ-अजिंठा दाखवायचं, परत सोडायचं. आता चार गाड्या माझ्या आहेत आणि बाकीच्या अटॅच, म्हणजे दुसऱ्यांच्या, पण माझ्याकडून चालणाऱ्या. निरोप समारंभाच्या ड्युट्या गेल्या सात-आठ वर्षांत वाढल्या. आमच्या वेळी सेंडऑफ म्हणजे वर्गातच समोसा, वेफर्स आणि सरांचं भाषण. पोरी आईच्या साड्या नेसून सायकलवर यायच्या. प्रॉम ही मूळ अमेरिकेतल्या शाळांची पद्धत. तिकडं लेकरं त्या रात्री लांबलचक लिमोझिन भाड्यानं घेतात. आपल्याकडं तिची जागा इनोव्हा, थार आणि फॉर्च्युनरनं घेतली. त्याला माझी ना नाही, एकच तर रात्र असते.

पण तुमच्या प्रश्नात गाडीचं नाव आलं, रेट आला, चालवणारा कोण ते कुठंच आलं नाही. दर वर्षी असंच होतं. लोक मला फोनवर गाडीचा रंग विचारतात, सनरूफ आहे का विचारतात, मॉडेल कुठल्या सालचं ते विचारतात. ड्रायव्हर आदल्या रात्री कुठं होता, हे बावीस वर्षांत दहा-बारा जणांनी विचारलं असेल. तुम्ही म्हणता त्या पाच आणि साडेनऊ हजारांतला बराचसा फरक तिथंच आहे. तो कसा, ते आधी हिशेबानं सांगतो.

बाहेरगावच्या गाडीला आमच्याकडं दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात. गाडी दोनशेच चालली तरी पैसे तीनशेचे. इनोव्हा क्रिस्टाचा रेट आमच्या बाजूला किलोमीटरला १८ ते २१ रुपये चालतो, डिझेल आणि सीझनप्रमाणं खालीवर होतो. १९ धरले तर ५,७०० झाले. ड्रायव्हरचा भत्ता ५०० धरा, टोल-पार्किंगचे चार-साडेचारशे. झाले साडेसहा हजारांच्या आसपास. मग साडेनऊ कसे? कारण आमचा दिवस रात्री बाराला संपतो. बारा वाजून पाच मिनिटांनी गाडी रस्त्यावर असेल तर दुसरा दिवस लागला. तुमच्या ट्रॅव्हल्सवाल्यानं दुसऱ्या दिवसाचे अर्धे पैसे धरलेले दिसतात, २,८५०. बेरीज करून बघा, साडेनऊला जाऊन बसते.

गिऱ्हाइकाला हे लुटल्यासारखं वाटतं, मला माहिती आहे. पण मालकाच्या बाजूनं बघा. तुमची लेकरं घरी सोडून ड्रायव्हर रात्री दोनला गाडी लावणार. सकाळी सहाला शिर्डीची ड्युटी आली तर तो माणूस जाऊ शकत नाही, जाऊ नये. म्हणजे माझी रविवारची सकाळ गेली. त्याचे पैसे मी तुमच्याकडून घेतले तर त्याला झोपू देतो. घेतले नाहीत तर सहाला उठवतो, आणि त्या झोपेची किंमत शिर्डीला जाणारं कुटुंब मोजतं. आता हेच उलटं करा. तुमच्या शनिवारच्या आधी, शुक्रवारी रात्री, दुसऱ्या कुणी तरी स्वस्तात गाडी नेली असेल, तर त्या झोपेची किंमत तुमच्या मुलीच्या वाट्याला येते.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. दहा-अकरा वर्षांपूर्वी माझ्याच गाडीचा प्रकार आहे. ड्रायव्हर सकाळी पंढरपूरहून परतला होता. संध्याकाळी सेंडऑफची ड्युटी होती, दुसरा माणूस मिळेना. मी फोनवर विचारलं, "झोप झाली का रे?" तो म्हणाला, "झाली ना सेठ, यायलोय." ड्रायव्हर मालकाला दुसरं काय सांगणार, ड्युटी गेली तर भत्ता जातो. रात्री साडेबाराला जालना रोडवर करमाडच्या अलीकडं त्याचा डोळा लागला, गाडी डिव्हायडरला घासत गेली. आत पाच लेकरं होती. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण त्या रात्री पाच घरी फोन मलाच करावे लागले. चूक ड्रायव्हरची नव्हती, माझी होती. तेव्हापासून रात्रीच्या ड्युटीला मी 'झोप झाली का' असं विचारतच नाही. आदल्या दिवशीचं बुकिंग उघडून बघतो.

तुम्हीही असंच विचारा. "ड्रायव्हर चांगला आहे ना?" याला उत्तर एकच येतं, एकदम चांगला आहे. त्याऐवजी विचारा: शुक्रवारी ही गाडी कुठं आहे? शनिवारी सकाळी हाच ड्रायव्हर कोणत्या ट्रिपवर आहे? आमच्यानंतर त्याला पुढची ड्युटी किती वाजता? मालक खरा असेल तर तो थांबून, आठवून सांगेल. "त्याची काळजी तुम्ही करू नका" असं आलं, तर दुसरा नंबर लावा. आणखी एक गोष्ट. ज्याच्याकडं तुम्ही पैसे देता त्याच्याकडं स्वतःची गाडी असेलच असं नाही. फ्लेक्स लावून बसलेले पुष्कळ जण ड्युटी दुसऱ्या गाडीवाल्याकडं देतात, मधे शे-दोनशे ठेवतात. त्यात चूक काही नाही, अटॅच गाड्यांवरच धंदा चालतो. फक्त येणारी गाडी कोणत्या नंबरची आणि ड्रायव्हर कोण, हे आदल्या दिवशी दुपारपर्यंत लिहून मागा. नंबर आला की एम-परिवहन ॲपवर टाका. फिटनेस, विमा, परमिट कधीपर्यंत आहे ते दोन मिनिटांत दिसतं.

आता शेजाऱ्यांची फॉर्च्युनर. तिला पांढरी पाटी असणार, म्हणजे खासगी पासिंग. पैसे घेऊन माणसं न्यायची तर पिवळी पाटी आणि परमिट लागतं. परमिट नसताना भाडं मारताना पकडलं तर दहा हजारांपर्यंत दंड आहे. पण दंड मालक भरेल, तुमचं दुखणं वेगळं आहे. खासगी गाडीचा विमा स्वतःच्या वापरासाठी असतो, भाड्यानं दिली की पॉलिसीची अट मोडली. काही झालं तर विमा कंपनी तेच पहिलं विचारणार आणि शेजारी म्हणणार, "पैसे नव्हते घेतले." मग तुम्ही काय सांगणार? खरं सांगितलं तर शेजाऱ्याला अडकवलं, खोटं सांगितलं तर स्वतः अडकलात. शेजारधर्म एका रात्रीत संपतो. हां, त्यांचं स्वतःचं लेकरू त्याच वर्गात असेल आणि ते एक पैसा न घेता स्वतः चालवत चार जणांना नेणार असतील, तर गोष्ट वेगळी. मग ती भाड्याची गाडी नाही, ओळखीतली मदत आहे. तिथंही प्रश्न तोच, दिवसभर दुकान करून रात्री एकला परत गाडी चालवायची त्यांची तयारी आहे का. आणि 'ड्रायव्हरसकट' म्हणजे कोण हेही विचारा. अशा वेळी त्यांचा पुतण्या किंवा कारखान्यावरचा पोरगा पाठवतात, ज्याला ती गाडी आठवड्यातून एकदा मिळते. मग तो ती कशी पळवतो, हे जालन्यात राहून तुम्हाला सांगायला नको.

ट्रॅव्हल्सवाल्याच्या इनोव्हातही एक गोम आहे. तुम्ही आठ जण म्हणालात. क्रिस्टा सात सीटची येते आणि आठचीही येते, पण त्या आकड्यात ड्रायव्हर धरलेला असतो. म्हणजे आत बसणार सहा किंवा सात. एर्टिगातही सहाच. "लेकरंच आहेत, दाटीवाटीनं बसतील" असं म्हणू नका. सतरा वर्षांची लेकरं लेकरं नसतात, त्यात घागरे आणि ब्लेझर. पासिंगपेक्षा, म्हणजे नोंदणीतल्या सीटपेक्षा, जास्त माणसं भरली की विम्याचा वांधा तिथंही येतोच. २०२३च्या ऑक्टोबरात वैजापूरजवळ समृद्धी महामार्गावर टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर आदळली, बारा जण गेले. वेळ मध्यरात्रीनंतरची आणि गाडीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं. आमच्या धंद्यातल्या कुणाला ती बातमी विसरता येत नाही.

मग आठ जणांना काय करायचं? दोन एर्टिगा घ्या किंवा एक ट्रॅव्हलर. मी ट्रॅव्हलर घ्या म्हणेन. दोन गाड्या केल्या की मुलं मागच्या गाडीतून पुढच्या गाडीचे व्हिडिओ काढतात, "काका, ओव्हरटेक करा ना" सुरू होतं आणि ड्रायव्हर पंचविशीतला असला की त्यालाही चेव येतो. ट्रॅव्हलर मुळातच दमानं चालते. बारा-तेरा सीटची मिळाली तर उत्तम, नाही तर सतराची. रेट २२ ते २६ च्या दरम्यान. २४ नं ३०० चे ७,२०० होतात, भत्ता आणि टोल धरून आठ हजार दोनशेच्या आसपास. आठ घरांत वाटलं तर घरटी हजार-अकराशे. शिवाय आठ लेकरं बसून जागा उरते, म्हणजे एक आई किंवा मावशी सोबत जाऊ शकते.

मुलगी म्हणेल, ही तर वऱ्हाडाची गाडी. म्हणणारच. माझी थोरली पण म्हणाली होती. त्यावर माझा तोडगा असा: रिसॉर्टच्या दारात कुणाची तरी फॉर्च्युनर घरच्यांना घेऊन आलेली असेलच. तिच्यासमोर उभं राहून हवे तेवढे फोटो काढा, फोटोत कळत नाही कोण कशातून उतरलं.

गाडी जालन्याचीच घ्या, म्हणजे एमएच-२१. हे सांगताना माझं गिऱ्हाईक जातंय, पण आमचं किलोमीटर गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजतात. संभाजीनगरहून गाडी बोलावली तर ती साठ किलोमीटर रिकामी जालन्याला येणार, तिथून तुमच्या लेकरांना घेऊन साधारण नव्वद वेरूळच्या बाजूला, नव्वद परत आणि पुन्हा साठ रिकामी. तीनशे तिथंच संपले. ड्रायव्हरच्या अंगावरही ते रिकामे साठ-साठ पडतात, आणि शेवटचे साठ तर रात्री दोननंतर.

वाटेचं म्हणाल तर जुना जालना रोड रात्री मला आवडत नाही. स्टीलच्या कारखान्यांमुळं सळया भरलेले ट्रक रात्रभर चालतात. सळया मागं बाहेर आलेल्या असतात, त्यांना लाल फडकं बांधलेलं असतं किंवा तेही नसतं. जानेवारीत कापसाच्या फुगलेल्या गाड्या असतात, उसाचे ट्रॅक्टर असतात, त्यांच्या ट्रॉलीला मागं दिवा नाही. जाताना उजेडात निघालात तर चालून जाईल. परत येताना संभाजीनगरजवळ माळीवाड्याला समृद्धीवर चढून जालन्याला उतरा. शहर टळतं, समोरून गाडी येत नाही. पण समृद्धीचा वेगळा धोका आहे. सरळ रस्ता, एकसारखा आवाज, मागं दमलेली लेकरं झोपलेली, एसी चालू. अशात जागं राहणं घाटापेक्षा अवघड. घाटात हात चालू असतात, तिथं ते नुसते ठेवलेले असतात. पिवळ्या पाटीच्या बहुतेक गाड्यांना ८० चा स्पीड लॉक असतो, त्याला तोडायला सांगू नका, असू दे. सोबतच्या मावशींनी पुढच्या सीटवर बसायचं आणि बोलत राहायचं. माळीवाड्याला चढण्याआधी चहा. पहाटेकडं धुई पडली असेल तर उशीर झाला तरी चालेल म्हणून ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवायचं. घाई मालकाची नसते ताई, ती बहुतेक वेळा घरून येणाऱ्या फोनमधून येते. "कुठंवर आलात" म्हणून ड्रायव्हरला फोन करू नका, मुलीच्या फोनवर लाईव्ह लोकेशन चालू ठेवायला सांगा आणि तिची पॉवर बँक विसरू देऊ नका.

वेळेबद्दल शाळेशी एकदा बोला. कार्डावर 'रात्री १२ पर्यंत' छापलं असेल, पण उघड्या लॉनवर स्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, तसा नियमच आहे. सवलतीचे मोजके दिवस सोडले तर दहानंतर डीजे नाही. आणि डीजे थांबला की लेकरांचा अर्धा जीव जातो. पुढं जेवण आणि फोटो. माझा अनुभव असा की साडेदहापासून मुलं "गाडी कुठंय" म्हणून फोन करायला लागतात. म्हणून गाडी दुपारी चारला बोलवा, साडेदहाला निघायचं ठरवा. साडेबाराच्या आत घरी. मालकाशी बोलताना 'रात्री एकपर्यंत एकच दिवस' असं गुत्त्यानं, म्हणजे एकरकमी, ठरवा. बहुतेक जण ऐकतात, कारण तासाभरासाठी कुणी भांडत नाही. मात्र एकच्या पुढं गेलं तर तासाचे किती, तेही त्याच मेसेजमध्ये लिहून घ्या. तोंडी ठरवलेलं रात्री एकला कुणालाच आठवत नाही.

आता जे सहसा कुणी सांगत नाही ते. तुमचा ड्रायव्हर तिथं चार-पाच तास थांबणार. त्या वेळात तो काय करतो, यावर परतीचा प्रवास ठरतो. पार्किंगमध्ये दहा गाड्यांचे दहा ड्रायव्हर जमतात, कुणाच्या डिकीत बाटली निघते. किंवा कुणी पालक म्हणतात, "मोकळाच आहे ना, जरा आमच्या पाहुण्यांना स्टेशनला सोडून ये." किंवा लॉनवाले त्याला शेवटी, रात्री साडेदहाला, उरलंसुरलं वाढतात आणि तो भरल्या पोटी लगेच गाडीवर बसतो. तिन्ही गोष्टी टाळता येतात. सोबतच्या मावशींना सांगा, त्याचं ताट आठलाच लावून द्या. हात धुऊन झाले की गाडीत सीट मागं करून दोन तास पड म्हणावं, आम्हीच उठवतो. निघताना त्याच्याशी दोन मिनिटं समोर उभं राहून बोलायचं. वास आला, डोळे लाल दिसले, जीभ जड वाटली, तर गाडी हलू द्यायची नाही. मालकाला फोन करून दुसरा माणूस मागवायचा, तासभर लागला तरी चालेल. असा फोन मला दोनदा आलाय. दोन्ही वेळा राग आला आणि दोन्ही वेळा मी स्वतः गाडी घेऊन गेलो.

सोबत मोठं माणूस नको, असं लेकरं म्हणतील, त्यांच्या वयात आपणही म्हटलं असतं. तडजोड अशी की मावशी रिसॉर्टच्या आत येणार नाहीत. ड्रायव्हरजवळ बसतील नाही तर जवळच कुणाकडं थांबतील, फक्त जाताना-येताना गाडीत. ते अगदीच जमणार नसेल तर आठातल्या एका समजूतदार मुलीला किंवा मुलाला पुढच्या सीटची जबाबदारी द्या, आणि ड्रायव्हरसमोरच सांगा की हिनं थांब म्हटलं की थांबायचं. मदतीचा ११२ नंबर तिच्या फोनमध्ये वर असू दे.

आणि एक गोष्ट आजच मुलीशी बोलून घ्या. तिथं कुणीतरी थार घेऊन येणार, अठरा पूर्ण न झालेला, आणि म्हणणार, "चल, एक राउंड मारू." अठराखालच्या मुलानं गाडी चालवली तर कायद्यानं त्याच्या आईवडिलांना किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे. गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द होतं आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. हे सगळं तिला ऐकवून उपयोग नाही, ती डोळे फिरवेल. तिला एवढंच सांगा की ज्या गाडीनं गेलीस तिनंच परत यायचं, त्यात वाद नाही. गाडीला सनरूफ असलं तर त्यातून उभं राहायचं नाही, हे मात्र ड्रायव्हरला सांगा. मुलांनी आग्रह केला की बिचाऱ्याला नाही म्हणता येत नाही. मालकानंच मनाई केलीय असं तो म्हणू शकला की सुटतो. मी माझ्या ड्रायव्हर पोरांना तेच शिकवलंय, वाईटपणा माझ्या नावावर टाका.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, तिथं मी इथून ठरवू शकत नाही. शाळा बस करत असेल तर डोळे मिटून बसनं पाठवा, आठ घरांनी वेगळी गाडी करायची गरज नाही. कुणाचे नातेवाईक संभाजीनगरात राहत असतील तर मुलींनी रात्री तिथंच थांबून सकाळी नाश्ता करून निघणं सगळ्यात चांगलं. गाडी सोडायला एकदा आणि आणायला एकदा, दोन वेगळ्या ड्युट्या लावा. पैसे थोडे जास्त जातील, पण रात्रीचा रस्ताच टळतो. मी माझ्या मुलीच्या वेळी हेच केलं, स्वतःच्या चार गाड्या दारात उभ्या असताना.

बुकिंग आता लांबवू नका. पौष उतरला की लग्नं लागतात आणि ट्रॅव्हलर सगळ्यात आधी संपतात. शनिवार म्हटल्यावर शिर्डी आणि शनिशिंगणापूरची गर्दी वेगळीच. शेवटच्या चार दिवसांत जी गाडी मिळते ती बहुतेक कुणाच्या तरी वऱ्हाडातून परस्पर आलेली असते, आणि तिचा ड्रायव्हर दोन रात्रींचा जागा असतो. दोन हजार ॲडव्हान्स द्या, बाकीचे उतरल्यावर. भत्ता मात्र मालकाकडं देऊ नका, निघतानाच ड्रायव्हरच्या हातात द्या.